हॉस्पिटल मॅनेजरांसाठीचा लीडरशिप कोर्स केला, ५ पैकी ३ स्टार

नाव लिहीत नाही कारण तक्रार पण आहे आणि उगाच वाद नकोत. ३ महिने ऑनलाइन, शेवटी २ दिवस पुण्यात, फी ६५ हजार. मी १४ वर्षं नर्सिंगमधे, वॉर्ड इनचार्ज मग मेट्रन, आणि गेल्या वर्षी एकदम ऑपरेशन्स मॅनेजर करून टाकलं. कालपर्यंत ज्यांना राउंडला "हो सर" म्हणत होते त्यांनाच आता सांगायचं की सर डिस्चार्ज समरी (घरी सोडतानाचा उपचारांचा गोषवारा) वेळेत द्या, म्हणून हा खटाटोप.

पहिले चार आठवडे टाइमपास. कुठल्यातरी कार कंपनीच्या स्लाइड्स. अहो आमचा कन्सल्टंट डॉक्टर पगारावर नसतोच, पेशंट त्याच्या नावावर येतो, जास्त बोललं की तो पुढची केस दुसरीकडे ॲडमिट करतो, त्याला कसलं टार्गेट लावणार? विचारलं तर "पुढे येईल" म्हणाले. आलंच नाही.

पैसे वसूल झाले ते डिस्चार्जच्या सेशनला. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः हॉस्पिटल चालवून आलेल्या, त्यांनी एका कॅशलेस पेशंटचा अख्खा दिवस फळ्यावर मांडला. साडेनऊला डॉक्टर म्हणाले आज घरी, आरएमओ (वॉर्डचा ड्युटी डॉक्टर) ऑपरेशन थिएटरमधे अडकलेला म्हणून समरी एक वाजता, मग उरलेली औषधं फार्मसीला परत, मग बिल, मग कुठे फाइल टीपीएकडे (इन्शुरन्स कंपनीतर्फे क्लेम बघणारी एजन्सी), तोवर अडीच. इर्डाने, म्हणजे इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाने, २०२४ मधे डिस्चार्जच्या फायनल मंजुरीला ३ तासांची मर्यादा घातली आणि तेव्हापासून आम्ही सगळे बिलिंग काउंटरवर नातेवाइकांना एकच सांगतो, इन्शुरन्सवाल्यांनी अडवलंय. मॅडम म्हणाल्या ते ३ तास तुमची रिक्वेस्ट पोचल्यावर सुरू होतात, त्याआधीचे ५ कुणी खाल्ले? वर्गात चिडीचूप.

परत येऊन मी कुणाशी वाद घातला नाही. आदल्या संध्याकाळीच कच्ची समरी करायला लावली आणि दर सोमवारी प्रत्येक डॉक्टरच्या टेबलवर समरीच्या वेळांचा कागद. एका सर्जन सरांनी पहिल्या आठवड्यात त्यावर चहाचा कप ठेवला, चौथ्या आठवड्यात स्वतःच विचारतात, "सिस्टर, माझा नंबर कितवा?" (मॅनेजर झाले तरी सिस्टरच, असो.)

करिअरचा भाग अर्धवट. सीव्ही मात्र चांगला करून दिला, "जबाबदाऱ्या सांभाळल्या" वगैरे काढून बेड किती, हाताखाली स्टाफ किती, एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) ॲसेसमेंटला कुठले चॅप्टर मी सांभाळले हे लिहायला लावलं. पण प्लेसमेंट सपोर्ट म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात गुड मॉर्निंगची फुलं आणि मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या जाहिराती. मेंटरचे ६ कॉल ठरले होते, झाले २, मेल टाकले तर उत्तर नाही.

एमएचए (हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स) झालेल्यांनी जाऊ नका, सगळं माहीत असेल. नर्सिंग, लॅब किंवा बिलिंगमधून वर आलेल्यांनी जायला हरकत नाही. फी हप्त्याने घेतात, फक्त विचारावं लागतं. आणि मेंटरचे कॉल किती ते पैसे भरायच्या आधी लेखी घ्या.