पोलो १.० टीएसआय मॅन्युअल: स्टेज वन रीमॅप आणि कंपनी सर्व्हिस, एक उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

गाडी चाकणमध्ये बनलेली बीएस-६ फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय (तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन), सहा गिअर मॅन्युअल. कंपनीचे आकडे ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. बदल फक्त सॉफ्टवेअरचा: स्टेज वन रीमॅप, म्हणजे सुटे भाग न बदलता इंजिन चालवणाऱ्या संगणकातली (ईसीयू) फाइल बदलणं. बाकी सगळं स्टॉक, कंपनीने दिलं तसं. एअर फिल्टर कंपनीचा, एक्झॉस्ट कंपनीचा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी. वॉरंटी संपल्यावरच फाइल टाकली आहे आणि सर्व्हिस अजून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच होते. त्यामुळे इथे 'कशी पळते' यापेक्षा 'सांभाळायला काय लागतं' यावर जास्त लिहिलं आहे. पळते कशी, हे दोन ओळींत सांगून होतं.

तर त्या दोन ओळी. १८०० ते ४००० आरपीएममध्ये ओढ स्पष्ट वाढते, खंबाटकी घाटात पाच माणसं आणि एसी चालू असताना तिसऱ्या गिअरमध्ये राहता येतं, दुसरा टाकावा लागत नाही. ५००० च्या वर फारसा फरक नाही, कारण टर्बो एवढासाच आहे आणि वर हवा पुरवायला तो स्टॉकमध्येही धापा टाकतो.

आता खरा मुद्दा. या इंजिनासाठी स्टेज वनच्या जाहिरातीत १३० च्या आसपास पीएस आणि २१० ते २२० न्यूटन मीटर असे आकडे दिसतात. इंजिन ते देतं. पण मागे बसवलेल्या गिअरबॉक्सचं नाव एमक्यू२०० आहे, आणि नावातला २०० हा टॉर्कचाच आकडा आहे. म्हणून ट्यूनरला पहिली अट घालावी ती ही: टॉर्क २०० च्या आत ठेवा आणि २००० आरपीएमच्या खाली तर जवळपास स्टॉकच राहू द्या. 'लो एंड पंच', म्हणजे कमी आरपीएमलाच जोराची ओढ, म्हणून जे विकलं जातं त्यातच क्लच, गिअर आणि पिस्टन या तिघांचं नुकसान आहे. चांगला ट्यूनर ही मागणी ऐकून नाराज होत नाही. झाला तर दुसरा शोधावा. खर्च साधारण पंचवीस ते पस्तीस हजारांच्या घरात जातो, आणि त्या पैशात रिव्हिजन (फाइलमधली सुधारणा) किती वेळा फुकट मिळेल हे आधीच लिहून घ्यावं.

२००० च्या खालचा आग्रह का, तर एलएसपीआय, म्हणजे कमी आरपीएमला होणारं अकाली प्रज्वलन. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) आला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. हे साधं नॉकिंग नव्हे. नॉक सेन्सरने ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं तरी हे थांबत नाही, कारण ठिणगीचा त्यात संबंधच नसतो. पिस्टनचा रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटायला असे मोजके झटके पुरतात. उपाय दोन: पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला असताना पूर्ण पेडल दाबायचं नाही, आणि ऑइल नीट निवडायचं. सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमधलं कॅल्शियमयुक्त डिटर्जंट या प्रकाराला खतपाणी घालतं. म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये त्यासाठी वेगळी चाचणी आहे. डब्यावर फोक्सवॅगनचं मॅन्युअलमधलं मान्यतापत्र आणि एसपी, दोन्ही पाहून घ्यावं. ऑइल बदल कंपनी १५,००० किलोमीटरवर सांगते. रीमॅपनंतर ७,५०० वर करावा. डिपस्टिक दर दोन टाक्यांनी पाहायची सवय लावली की ऑइल कमी होतंय की पेट्रोल मिसळून वाढतंय, दोन्ही कळतं.

फाइल टाकताना काय पाहावं? ओबीडीमधून (गाडीच्या तपासणीचं सॉकेट) 'वाचली' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा गाडीतली मूळ फाइल खरी वाचलेली नसते. ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर घेऊन ट्यूनर आपल्या साठ्यातली तीच आवृत्ती काढतो. यात वावगं काही नाही, पण हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर आणि आवृत्ती यांचा फोटो आधी काढून ठेवावा आणि स्टॉक फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. लिहिताना बॅटरीला चार्जर हवाच, व्होल्टेज १३ च्या वर स्थिर. पंखा, हेडलाइट, ब्लोअर बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिला जातो आणि मग तो काढून टेबलावर उघडून परत जिवंत करावा लागतो. नुसत्या लॅपटॉपवर, बॅटरी चार्जरशिवाय रस्त्याच्या कडेला फ्लॅश करून देणाऱ्याला नमस्कार करून निघून यावं.

'पॉप्स अँड बँग्स', म्हणजे एक्झॉस्टमधून येणारे फटाके, फुकट देतो म्हणाला तरी नको. तो आवाज टायमिंग उशिरा करून पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळल्याचा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आतलं जाळं त्या उष्णतेने तडकतं, वितळतं, आणि नवीन कन्व्हर्टरच्या बिलात रीमॅप दोन-तीनदा झाला असता.

लॉगिंग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूतले आकडे नोंदवून पाहणं, हा भाग लोक टाळतात. त्यासाठी ओबीडीला जोडायचं व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, कुठलंही चालेल. पाच गोष्टी लॉग कराव्यात: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, तिन्ही सिलिंडरचं टायमिंग रिटार्ड (नॉकमुळे टायमिंग किती मागे घेतलं) वेगवेगळं, इनटेक हवेचं तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), आणि फ्युएल रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब). दुसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ५५०० पर्यंत एक सलग खेच पुरते. तिसऱ्यात करायला गेलात तर एक्स्प्रेसवेच्या १०० च्या मर्यादेच्या पार जाल. ते काम डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजणारं यंत्र) करावं. एखाद्या सिलिंडरवर अधूनमधून दोन-तीन अंश रिटार्ड दिसला तर चालतं. तिन्हीवर सतत पाच-सहा अंश दिसत असेल तर फाइल त्या पेट्रोलसाठी जास्त आहे. मिळालेला बूस्ट मागणीपेक्षा कमी आणि वेस्टगेट (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) जवळपास बंद, असं दिसलं तर आधी होजचे क्लॅम्प तपासावेत, मग ट्यूनरला फोन.

पेट्रोलचं गणित आता बदललं आहे. पूर्वी साधं पेट्रोल ९१ ऑक्टेन, म्हणून ९५ ची फाइल घेतली की प्रीमियमच भरावं लागायचं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्याच्या मानकात किमान ऑक्टेनच ९५ आहे, त्यामुळे नॉकची बाजू उलट सुधारली. पण इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ई१० साठी हवा-इंधनाचं प्रमाण साधारण १४.१ ला १, ई२० साठी १३.५ ला १. फरक ४ टक्क्यांच्या आसपास. लॉगमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात स्वतः करत राहतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) तेवढा वर सरकलेला दिसतो. ट्यूनरने ई१० वर फाइल बनवली असेल आणि ट्रिम +८ किंवा +१० दाखवत असेल, तर ती ई२० वर परत करून घ्यावी. शिवाय ही गाडी ई२० साठी प्रमाणित नाही, तशा गाड्या २०२३ च्या एप्रिलपासूनच्या. त्यामुळे पेट्रोलचा वास, इंधन होजचे जोड आणि इंजेक्टर यांवर सर्व्हिसला नजर हवी. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नये, इथेनॉल पाणी ओढतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्या-मुंबईत मिळतं, दर जवळपास दीडपट. ९५ ची फाइल असताना ते भरून काहीही मिळत नाही. ईसीयू टायमिंग फाइलमध्ये लिहिलं आहे तेवढंच पुढे नेतो.

मायलेज? शहरात तेच, हायवेवर तेच. वाढतं म्हणणारे पेडल कमी दाबत असतात.

उष्णतेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सर्व्हिस सेंटरचा संबंध येतो. या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) समोर बंपरमध्ये नसतो, तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे आणि पाण्याने थंड होतो. त्या पाण्याचं वेगळं सर्किट आहे: पुढे वेगळा छोटा रेडिएटर आणि एक इलेक्ट्रिक पंप. फायदा असा की हवेचा मार्ग छोटा, टर्बो लॅग (पेडल दाबल्यापासून ओढ येईपर्यंतचा उशीर) कमी. तोटा असा की एकदा ते पाणी तापलं की निवायला वेळ लागतो. मे महिन्यात बोरघाटात ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर इनटेक तापमान ५५-६० पर्यंत जातं आणि गाडी स्टॉकसारखीच वागते. ईसीयू स्वतः बूस्ट आणि टायमिंग कमी करतो, बिघाड नाही. मोकळ्या रस्त्यावर चारेक मिनिटांत ते खाली यायला हवं.

येत नसेल, तर कूलंट कधी बदललं ते आठवावं. सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा कूलंट बदलल्यानंतर नेमकं हेच झालं: इंजिनाचं तापमान नव्वदवर ठीक, काटा जागचा हलत नाही, पण इनटेक हवा मोकळ्या रस्त्यावरही ६५ च्या खाली येईना. ॲडव्हायझरचं पहिलं वाक्य अर्थातच 'सर, तुम्ही रीमॅप केलंय ना'. कारण होतं त्या छोट्या सर्किटमध्ये अडकलेली हवा. वरून टाकीत कूलंट ओतून इंजिन चालवलं की मुख्य सर्किट भरतं, हे दुसरं भरत नाही. व्हॅक्यूमने भरावं लागतं किंवा कंपनीच्या ओडिस सॉफ्टवेअरमधून पंप चालवून हवा काढावी लागते. घरी ओळखायची खूण सोपी: इंजिन गरम असताना बंद करून बोनेट उघडा, मॅनिफोल्डकडे जाणारा एक पाइप कढत आणि दुसरा अगदी थंड असेल तर पाणी फिरत नाही. परत नेऊन जॉबकार्डवर 'चार्ज एअर कूलिंग सर्किट ब्लीड करणे' असं लिहायला लावलं, काम तासाभरात झालं. 'पिकअप कमी' असं लिहिलं असतं तर स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंगचं बिल हातात पडलं असतं.

सर्व्हिसला नेताना दुसरी काळजी सॉफ्टवेअर अपडेटची. ओडिस जोडलं की कंपनीच्या सर्व्हरवरची आवृत्ती आणि गाडीतली आवृत्ती जुळवता येते, आणि अपडेट टाकला की रीमॅप पुसला जातो. पैसे गेले असं नाही, ट्यूनर नव्या आवृत्तीवर परत करून देतो, पण ती आवृत्ती त्याच्याकडे असायला हवी. म्हणून जॉबकार्डवर सही करण्याआधी त्यावरच लिहून घ्यावं: 'ग्राहकाला विचारल्याशिवाय कुठल्याही कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर अपडेट करू नये.' तोंडी सांगितलेलं आत काम करणाऱ्या मेकॅनिकपर्यंत पोचत नाही.

सर्व्हिसआधी स्टॉक फाइल टाकून नेली की कळत नाही, हा समज सोडावा. फाइलचा चेकसम (ती मूळच आहे का हे तपासायचा आकडा) जुळेल, पण ईसीयू किती वेळा लिहिला गेला याचा काउंटर असतो, आणि तो सरळ सांगतो. फोक्सवॅगन समूहात बदललेल्या ईसीयूची नोंद 'टीडी१' या कोडने कंपनीच्या प्रणालीत होते. ती चासी नंबरवर बसते, त्यामुळे दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे नेऊनही सुटका नाही. त्यानंतर इंजिन, टर्बो, गिअरबॉक्सचे वॉरंटी क्लेम अडकतात. वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटी चालू असेल तर माझं मत साफ आहे: थांबा. नव्या टायगुन-व्हर्चुसच्या १.५ टीएसआय डीएसजीवाल्यांनी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तर वॉरंटीनंतरही विचार करावा. त्यांच्या ड्राय क्लच डीक्यू२०० गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आणि इंजिन स्टॉकमध्येच २५० देतं. शिल्लक शून्य.

रीमॅपनंतर लवकर झिजणाऱ्या गोष्टी फार नाहीत. स्पार्क प्लग तीनच आहेत, ३०,००० किलोमीटरवर बदलावेत, गॅप ०.६५ ते ०.७ मिलिमीटर. गॅप मोठा झाला की जास्त बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि वर ओढताना गाडी अडखळल्यासारखी करते. लोक टर्बो बदलायला निघतात. क्लच तपासायला पाचव्या गिअरमध्ये २००० वरून पूर्ण पेडल दाबावं: आरपीएम उडी मारून वेग मागे राहिला तर प्लेट सरकतेय. पुढचे टायर ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येही सुटतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा सतत लुकलुकतो. पावसाळ्यापूर्वी टायर ३ मिलिमीटरच्या खाली असतील तर बदलून घ्यावेत.

कन्व्हर्टर आणि लॅम्डा सेन्सर जागेवर असल्याने पीयूसीला अडचण येत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला आयतं कारण मिळायला नको. गाडी विकताना स्टॉक फाइल परत टाकून, टीडी१ ची नोंद असेल तर ती सांगून विकावी. घेणारा कुठल्याही डीलरकडे चासी नंबर देऊन विचारू शकतो.