डिस्कसची जोडी लावताना: एकाच वाणाची की संकरित?

डिस्कस म्हणजे थाळीसारखे गोल, चपटे, घरच्या टाकीत पाळायचे मासे. असे सहा डिस्कस एकत्र वाढवले की वर्षभराने त्यातले दोन मासे टाकीचा एक कोपरा अडवतात. बाकीच्यांना हुसकावतात, एकमेकांसमोर अंगाला थरथर आणतात आणि अंडी घालायला टाकीतला पाइप तोंडाने घासून स्वच्छ करायला लागतात. जोडी जमली म्हणून आपल्याला आनंद होतो आणि मग लक्षात येतं की एक रेड टर्कॉइज आहे आणि दुसरा पिजन ब्लड, म्हणजे डिस्कसचेच दोन वेगळे रंगीत वाण. माशांना वाणाशी देणंघेणं नसतं. ही जोडी वेगळी काढून लावायची, की थांबून टर्कॉइजला टर्कॉइजच शोधायचा? भांडुपच्या घरात मी दोन्ही करून पाहिलं आहे, त्यावरून हे लिहितोय.

आधी ‘हायब्रीड’ या शब्दाचा गोंधळ. क्रॉफर्ड मार्केटपासून आपल्या नाक्यावरच्या दुकानापर्यंत पॅरट, फ्लॉवरहॉर्न आणि डिस्कस, तिन्ही माशांना हाच शब्द लावतात. पॅरट हा सिक्लिड कुळातल्या दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आलेला मासा. त्याचं तोंड नीट मिटत नाही आणि नर बहुतेक वांझ असतात. डिस्कसचं तसं नाही. सगळे डिस्कस सिम्फिसोडॉन या एकाच गटातले. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्यातल्या पहिल्या जातीचं वर्णन केलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या या जातींचा आपापसात संकर झाला तरी पिल्लं धडधाकट निघतात आणि पुढे वीणही देतात. दुकानातले रंगीत डिस्कस जवळपास सगळेच अशा जुन्या मिश्रणातून निवडत निवडत तयार झालेत. त्यामुळे कोणी ‘शुद्ध रेड टर्कॉइज’ म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच, की या वाणाच्या आई-बापांना बऱ्याच पिढ्या तशीच पिल्लं होत आली आहेत. ही स्थिरता मिळवायला कुणाची तरी वर्षं गेलेली असतात, म्हणून मला ती मोलाची वाटते.

आता मुद्द्याचा फरक, आणि तो रंगाचा नाही. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की पहिले काही दिवस आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. त्या काळात मोठे मासे गडद होतात आणि पिल्लं त्या गडद अंगाकडे ओढली जातात. माझ्या टर्कॉइजच्या जोडीत हे जसं व्हायला हवं तसं झालं. मादी शाईसारखी काळपट झाली. तिच्या दोन्ही बाजूंना पापणीच्या केसांएवढी पिल्लं टोचून राहिली होती. ती दमली की अंगाला एक झटका देऊन बाजूला व्हायची, नर पुढे यायचा, आणि अख्खा घोळका क्षणात त्याच्या अंगावर जायचा. रात्री अकरा वाजता टाकीसमोर बसून मी हे कितीदा पाहिलं असेल, मोजलं नाही.

पिजन ब्लड गडद होऊ शकत नाही. हा वाण १९९० च्या आसपास थायलंडमध्ये अचानक उगवलेल्या एका बदलातून आला, आणि त्याच बदलामुळे त्याचे काळे पट्टे गेले. माझ्या पिजन जोडीची पिल्लं पोहायला लागली त्या सकाळी ती आईकडे गेलीच नाहीत. सगळी काळ्या स्पंज फिल्टरवर जाऊन चिकटली, कारण टाकीतली सगळ्यात गडद वस्तू तीच होती. आई शेजारी उभी, बाप शेजारी उभा, आणि पिल्लं स्पंजवर उपाशी. मी स्पंज काढला, हीटर माशांच्या मागे येईल असा सरकवला, हवेचे बुडबुडे सोडणारा एकच बारीक दगड ठेवला आणि पाणी सहा-सात इंचांवर आणलं, म्हणजे पिल्लांना भटकायला जागाच राहू नये. दुपारपर्यंत काही वळली. दीडशेच्या आसपास होती, चाळीसएक जगली.

म्हणून पहिलीच वीण घ्यायची असेल तर पिजन-पिजन जोडी नको, असं मी स्पष्ट सांगेन. टर्कॉइज-पिजन ही संकरित जोडी त्यापेक्षा सोपी, कारण निदान एक पालक गडद होतो. मात्र टर्कॉइज-टर्कॉइज सगळ्यात सोपी.

विक्रीचा हिशेब मात्र उलटा आहे. पिजनचा गुण एका पालकाकडून आला तरी पिल्लात उतरतो, त्यामुळे संकरित जोडीच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त पिल्लांवर तो दिसतो. आणि तो लवकर दिसतो. दोन इंचाच्या पिल्लावर पिवळा-केशरी रंग असतो, दुकानदार बघताक्षणी उचलतो. टर्कॉइजची पिल्लं त्या वयात तपकिरी असतात. रंग भरायला पाच-सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. लहान टर्कॉइजवर मोठ्यासारखा झगझगीत रंग दिसला तर खाण्यात हार्मोन दिल्याची शंका घ्यावी. मला असे चार मासे ‘खात्रीचे’ म्हणून विकले गेले होते. दोन महिन्यांत रंग उतरला आणि त्यातल्या एकानेही कधी फळणारी अंडी दिली नाहीत.

पण संकरित पिल्लांचा तोच केशरी रंग पुढे टिकेलच असं नाही. टर्कॉइजसारख्या पट्टेवाल्या वाणाशी पिजन लावला की पिल्लांच्या अंगावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके जास्त येतात, आणि वयाबरोबर ते वाढलेले मी पाहिलेत. ज्याने दोन इंचाचं पिल्लू हौसेने नेलं, त्याच्या टाकीत वर्षाने वेगळाच मासा असतो. शिवाय या पिल्लांची पुन्हा आपापसात जोडी लावली तर पुढच्या पिढीत वाट्टेल ते निघतं: कोणी टर्कॉइजसारखं, कोणी पिजनसारखं, बरीचशी दोन्हीच्या मधली. त्यातून नवा वाण घडवायचा तर शंभर पिल्लं आठ-दहा महिने वाढवावी लागतील, निवडावी लागतील, पुन्हा जोड्या लावाव्या लागतील. वन-बीएचकेत दीड बाय दीड बाय दीड फुटाची एक टाकी भरली की नव्वद किलो पाणी होतं. अशा किती टाक्या ठेवणार? मुंबईतल्या घरात संकराचा प्रश्न शेवटी जागेवर येऊन अडतो.

संकराच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. एकाच दुकानातून, एकाच विणीतले सहा मासे आणून ‘एकाच वाणाची’ जोडी लावली तर ती भाऊ-बहिणीची जोडी असते. दोन-तीन पिढ्या असं चाललं की आखूड गलफडं, वाढ न होणारी पिल्लं दिसू लागतात. पण त्यासाठी दुसऱ्या वाणाकडे जायची गरज नाही. तोच वाण दुसऱ्या माणसाकडून, वेगळ्या रक्ताचा आणावा.

पाण्याबाबत दोन्ही जोड्या सारख्याच. तापमान २८ ते ३० अंश, पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. आपलं मुंबईचं पाणी तलावांमधलं, पावसाचं, त्यामुळे मुळात मऊ असतं. ड्रममध्ये हवा सोडून एक दिवस ठेवलं आणि क्लोरीन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) घातला की भागतं. उन्हाळ्यात सोसायटी टँकर किंवा बोअरवेलचं पाणी इमारतीच्या टाकीत मिसळते तेव्हा मात्र घात होतो. जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत, पांढरी पडतात. अशा वेळी आरओचं पाणी मिसळावं. आणि अंडी सलग तीन-चार वेळा पूर्ण पांढरी पडली तर जोडी दोन माद्यांची नाही ना, हेही बघावं. तसं सर्रास होतं.

एक संकर मात्र मी कुणालाच करू देणार नाही: ॲमेझॉनच्या रिओ निग्रो या उपनदीतून आलेल्या हेकेल डिस्कस या जंगली जातीचा बाजारातल्या रंगीत डिस्कसशी. हेकेलचा मधला पाचवा पट्टा जाड असतो, त्यावरून तो ओळखू येतो. घरी त्याची वीण मिळणं फार अवघड, म्हणून लोक त्याला टर्कॉइज लावून मोकळे होतात. मग अर्धवट जाड पट्ट्याची ती पिल्लं हेकेल म्हणून विकली जातात, आणि ज्याला खरी जंगली जोडी सांभाळायची आहे तो फसतो.

तुमच्याकडे टर्कॉइज-पिजनची जोडी आपणहून जमलीच असेल आणि पिल्लं वाढवायची हौस असेल, तर लावा. वीण पाहायचं सुख त्यातही तेवढंच आहे. फक्त पिल्लं देताना प्रत्येक पिशवीवर आई-बापाचा वाण आणि विणीचा महिना लिहून चिकटवा. दुकानदार ‘नको, गिऱ्हाईक विचारतं’ म्हणाला तरी चिकटवा. माझ्याकडून पिल्लं नेणारा एक मुलगा वर्षाने ती चिठ्ठी पाकिटातून काढून दाखवत आला. त्याला त्याच वाणाचा, पण दुसऱ्या घरातला नर हवा होता.