मत्स्यटाकीचा रिटर्न पंप: ताशी २००० लिटरचा की ३००० लिटरचा?

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. खालच्या सम्पमधून (टाकीखालची गाळणीची टाकी; तिथून पाणी वर परत चढवतो तो रिटर्न पंप) हे पाणी तासाला चार ते सहा वेळा फिरावे, म्हणजे टाकीत ताशी १००० ते १५०० लिटर पोहोचावेत, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवावे लागत नसतानाचा असतो. २ मीटर कमाल उंचीचा (त्याहून वर पाणी चढवू न शकणारा) २००० लिटरचा पंप १.२ मीटर उंचीवर ढोबळमानाने ८०० लिटरच देईल, आणि नळीतील प्रत्येक कोपरा त्यातूनही थोडे हिरावून घेईल. ३ मीटर कमाल उंचीचा ३००० लिटरचा पंप तेथेच १८०० लिटरच्या आसपास देतो. बाहेर जाणाऱ्या नळीवर व्हॉल्व्ह बसवून तो आवरता येतो, पण शोषणाच्या बाजूने त्याला कधीही कोंडू नये.

मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्याचे क्षार इम्पेलरवर (पंपातील फिरत्या पात्यांवर) साचून प्रवाह घटतो, तेव्हा ही शिल्लक ताकद उपयोगी पडते. उलट बाजूही आहे: मोठा पंप २५ वॅट जादा घेत असेल तर महिन्याला १८ युनिट वाढतात, आणि पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता पाण्यातच उतरते, जी लातूर-परभणीच्या मे महिन्यात खरोखर नकोशी असते.

तरीही या टाकीसाठी मी ३००० लिटरचाच घेईन, मात्र ओव्हरफ्लोची (टाकीतून सम्पमध्ये उतरणारी) नळी तेवढे पाणी पेलत असेल आणि वीज गेल्यावर परतणारे पाणी सम्पमध्ये मावत असेल तरच.