कच्छचा कच्चा गुग्गुळ, 250 ग्रॅम: खडा चांगला, लेबल अपुरं

गुग्गुळ म्हणजे एका झुडपाचा सुकलेला चीक. तो घेताना आधी खडा उलटा करून बघावा. झुडपावर घाव कसा घातला होता ते मागच्या बाजूला चिकटलेल्या सालीवरून कळतं. या पाकिटातल्या बहुतेक खड्यांना कागदासारखा पातळ पापुद्रा आहे, लाकडाची ढलपी जवळजवळ नाही. म्हणजे कुऱ्हाड चाललेली नाही.

गुग्गुळाचा चीक सालीतल्या नलिकांमधून येतो, लाकडातून नाही. खोल घाव घातला म्हणून चीक वाढत नाही, फांदी मात्र वाळते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे खाचेत मोरचूद (कॉपर सल्फेट) किंवा तसलंच काही भरणं. त्या हंगामात चीक भरपूर सुटतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत झुडूप मेलेलं असतं. तोडीला यायला आठ-दहा वर्षं घेणारं झुडूप असं एका हंगामात संपतं. कच्छ, बाडमेर, जैसलमेर या पट्ट्यातून ते विरळ होण्यामागे हे मोठं कारण आहे. 2015 पासून ते आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

नीट काम करणारे डिसेंबर ते मार्च या काळात, झुडूप निष्पर्ण असताना, जाड फांद्यांवर साल जेमतेम चिरेल एवढीच खाच पाडतात. दहा-पंधरा दिवसांनी सुकलेला चीक हाताने खुडतात आणि बारक्या फांद्यांना हात लावत नाहीत. एका झुडपाचं हंगामाचं उत्पन्न साधारण 200 ते 500 ग्रॅम. म्हणजे हे पाकीट बारक्या झुडपाचा अख्खा हंगाम आहे. बाजारभावाच्या दीडपट किंमत त्यामुळे फार वाटत नाही.

आता मालाबद्दल. खडे पिवळसर तपकिरी, आतून ओलसर चमक असलेले, वास कडवट-गोड. हा ताजा माल. जुना झाला की खडा कोरडा, काळपट आणि बिनवासाचा होतो. जुन्या वैद्यकातल्या तिन्ही कसोट्या लागू पडतात: उन्हात ठेवला की मऊ पडतो, कोमट पाण्यात दुधाळ होतो, विस्तवावर जळतो. पाणी दुधाळ न होता खडा नुसताच विरघळून चिकट झाला, तर त्यात बाभळीचा डिंक आहे असं समजावं. सालई या झाडाच्या डिंकाची भेसळ ओळखणं जास्त अवघड, कारण तीही पाण्यात घोटली की पांढरी होते. तिथे वासच कामाला येतो. सालईला लिंबाच्या सालीकडे झुकणारा हलका वास असतो, गुग्गुळाचा वास जड.

सगळं पाकीट गरम पाण्यात भिजवून फडक्यातून गाळल्यावर साल आणि वाळू मिळून सुमारे 6 ग्रॅम निघाली. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, बाह्य पदार्थांची मर्यादा 4 टक्के, म्हणजे 250 ग्रॅममागे 10 ग्रॅम. हा माल त्यात आरामात बसतो. वाळू बहुधा जमिनीवर पडलेल्या चिकाची. फांदीखाली कापड अंथरलं तर तीही टळेल.

तक्रारी दोन. लेबलवर तोडीचा महिना आणि तालुका दोन्ही नाहीत, नुसतं ‘कच्छ’. आपला माल शाश्वत, म्हणजे झुडूप न मारता काढलेला, म्हणवणाऱ्याने निदान हंगाम तरी लिहावा, म्हणजे पावसाळ्यातला माल ओळखता येईल. दुसरी तक्रार प्लॅस्टिकच्या पिशवीची. उन्हाळ्यात खडे वितळून त्यांचा एकच गोळा होतो. घरी आणल्यावर काचेच्या बरणीत घालून थंड जागी ठेवावेत. कुटायचे असतील तर तासभर फ्रीझरमध्ये ठेवून खलबत्त्यात कुटावेत. मिक्सरमध्ये घातले की पात्यालाच चिकटून बसतात.

धुपासाठी हा माल उत्तम, निखाऱ्यावर हरभऱ्याएवढा खडा पुरतो. औषधासाठी घेत असाल तर आधी शोधन हवंच: पुरचुंडी बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात टांगायची, चीक काढ्यात उतरला की गाळून आटवायचा, फडक्यात उरलेलं टाकून द्यायचं. कच्चा पोटात घेऊ नये, आणि गरोदरपणात तर नाहीच.

पाचपैकी चार. एक गुण लेबलवरच्या महिन्यासाठी राखून ठेवला आहे.