पशुवैद्यकीय दवाखान्याचे मासिक माहितीपत्रक
आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे मासिक माहितीपत्रक मी आवर्जून वाचतो, कारण त्यात सूचनांमागची कारणेही दिलेली असतात. पिल्लांना ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून १६व्या आठवड्यापर्यंत लशीचे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लशीचा परिणाम रोखू शकतात, हे मला त्यातूनच नीट उमगले. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतू शकते, हा इशारा तर घरोघरी पोहोचायलाच हवा. परिसरातील रेबीज लसीकरण शिबिरांच्या आणि हरवलेल्या प्राण्यांच्या बातम्याही त्यात असतात. मात्र रात्री-अपरात्री बोक्याची लघवी अडल्यास तातडीने कुठे जावे, हे त्यात छापलेले नसते. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण अशा वेळी काही तासांचा उशीरही घातक ठरू शकतो.