फक्त ॲटॉमिक करायचं की ॲलोकेशन लॉकबाहेर काढायचं? कर्नल पॅच रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी

लिनक्सच्या लॉगमध्ये ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ अशी ओळ आली आणि खालच्या स्टॅक ट्रेसमध्ये केमॅलॉक, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन, दिसला, की बहुतेक वेळा कोणीतरी स्पिनलॉक (ज्याची वाट बघताना सीपीयू गरगरत राहतो आणि जो धरून झोपता येत नाही असा लॉक) धरून ठेवून जीएफपी कर्नल हा फ्लॅग देऊन मेमरी मागितलेली असते. याच्यावर दोन तऱ्हेचे पॅच येतात. एकात एकच शब्द बदललेला, जीएफपी कर्नलच्या जागी जीएफपी ॲटॉमिक, म्हणजे न झोपता मेमरी मागणारा फ्लॅग, बस. दुसऱ्यात ॲलोकेशन, म्हणजे मेमरी मागणं, लॉक घ्यायच्या आधी नेलेलं आणि त्यापायी वीस-पंचवीस ओळी इकडच्या तिकडे झालेल्या. मी बरीच वर्षं छोट्या पॅचला पटकन हो म्हणायचो, आता तसं करत नाही.

आधी बग नेमका काय ते बघा. जीएफपी कर्नल म्हणजे ‘थांबायची तयारी आहे, पण मेमरी दे’. मेमरीची मोकळी पानं कमी पडली तर ॲलोकेटर, म्हणजे मेमरी वाटणारा कोड, मागणाऱ्या थ्रेडलाच जुनी पानं रिकामी करायच्या कामाला लावतो, त्यात तो झोपू शकतो, म्हणजे सीपीयू सोडून थांबू शकतो, आणि स्पिनलॉक धरून झोपला तर दुसरा सीपीयू त्याच लॉकसाठी गरगरत बसतो, मशीन अडकू शकतं. पण एरवी मेमरी भरपूर असते, झोपायची वेळच येत नाही, म्हणून डीबग ॲटॉमिक स्लीप हा अशी झोप पकडणारा ऑप्शन चालू नसेल तर हा बग वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही.

ॲटॉमिक केलं की झोपणं बंद. ॲलोकेटर केस्वॉपडीला (मागे राहून पानं रिकामी करणारा कर्नलचा थ्रेड) जागं करतो, राखीव साठ्यात थोडा हात घालतो, तरी नाही मिळालं तर सरळ नल परत, म्हणजे मेमरी मिळाली नाही. आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. ४ केबीची पानं धरली तर आठ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ केबीपर्यंतची जीएफपी कर्नलची मागणी प्रत्यक्षात जवळजवळ कधीच फेल होत नाही, ॲलोकेटर प्रयत्न करत राहतो, वेळ पडली तर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर चालणारा कर्नलचा भाग, एखादी प्रोसेस मारतो. त्यामुळे त्या केमॅलॉकखालची एरर हँडलिंग लिहिल्या दिवसापासून कधी चाललेलीच नसते! एक शब्द बदलला की तो पडीक कोड एकदम वापरात येतो. मी बघितलेल्या एका ड्रायव्हरमध्ये नलची तपासणी होती, परतताना एररही बरोबर जात होती, पण मधे स्पिन अनलॉक, म्हणजे लॉक सोडणं, नव्हता. पॅचमध्ये ती परतायची ओळ दिसतसुद्धा नव्हती, कारण बदल सात-आठ ओळी वर होता. तो पॅच तसाच गेला असता तर आगीतून फुफाट्यात.

म्हणून एका शब्दाचा पॅच आला की मी अख्खं फंक्शन उघडून वाचतो, आणि फेलस्लॅब (मेमरीच्या मागण्या मुद्दाम फेल करणारी कर्नलची टेस्ट सोय) लावून चालवून बघा म्हणतो. फेलस्लॅब डीफॉल्टने न झोपणाऱ्या मागण्याच पाडतो, म्हणजे इथे नेमकं जे हवं तेच. दुसऱ्या पॅचसाठी मात्र ती सेटिंग बंद करावी लागते, नाहीतर जीएफपी कर्नलला तो हात लावत नाही आणि टेस्ट पास झाली असं उगाच वाटतं.

आता लॉकबाहेर नेणारा पॅच. मेमरी जवळजवळ खात्रीने मिळते, राखीव साठा तसाच राहतो, म्हणून मला हा जास्त पटतो. पण यात चुका वेगळ्या होतात. मेमरी घेतल्यावर आणि लॉक मिळायच्या आधी दुसऱ्या कोणीतरी तीच एंट्री घातलेली असू शकते, तेव्हा लॉक मिळाल्यावर पुन्हा तपासायचं आणि आपली मेमरी नको असेल तर सोडून द्यायची. केव्हीमॅलॉकने (केमॅलॉकचाच मोठ्या मागण्यांसाठीचा भाऊ) घेतली असेल तर ती सोडतानाही झोप लागू शकते, म्हणून अनलॉक झाल्यावरच सोडायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साइज. लिस्टमध्ये किती एंट्री आहेत ते लॉकबाहेर मोजलं, तेवढी जागा घेतली, आणि लॉक मिळेपर्यंत लिस्ट वाढली तर आपण दुसऱ्याच्या मेमरीत लिहायला लागतो. तिथे आकडा लॉकखाली परत तपासलेला नसेल तर मी पॅच परत पाठवतो, मग बाकीचं कितीही नीट असो.

कर्नलमध्येच याचा छान नमुना आहे, आयडीआर (वस्तूंना नंबर देणारी कर्नलची सोय) आणि त्याचा प्रीलोड. लॉकच्या आधी जीएफपी कर्नलने थोडी मेमरी तयार ठेवायची आणि आत नंबर देताना ती वापरायची.

ॲटॉमिक बरोबर कधी? इंटरप्ट हँडलर असेल, नेटवर्कचा रिसीव्ह मार्ग असेल, तिथे दुसरा इलाजच नसतो आणि एखादं पॅकेट पडलं तरी टीसीपी परत पाठवतं. पण युजरने दिलेली सेटिंग किंवा डिस्कवर जाणारं काही असेल तर ‘कधीकधी फेल होईल’ हे उत्तर चालत नाही. शिवाय लॉक रॉ स्पिनलॉक (रिअलटाइम कर्नलमध्येही खरोखर गरगरणारा लॉक) असेल तर रिअलटाइम कर्नलमध्ये आत ॲटॉमिकसुद्धा चालत नाही, आणि तो सपोर्ट २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलाय, त्यामुळे ‘आमच्याकडे कोण वापरतं’ असं आता म्हणता येत नाही.

लॉक कधीच इंटरप्टमधून घेतला जात नसेल आणि आतलं बाकी काही न झोपण्यावर अवलंबून नसेल तर म्युटेक्स (धरून झोपता येतं असा लॉक) करून टाका, प्रश्न मिटला. इन ॲटॉमिक (आत्ता झोपता येतं का ते सांगू पाहणारी तपासणी) वापरून फ्लॅग ठरवणारा पॅच मात्र थेट नाकारा, काही कॉन्फिगरेशनमध्ये त्याला स्पिनलॉक धरलेला कळतच नाही.

छोट्या पॅचची एक बाजू खरी आहे, स्टेबल कर्नलमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या आवृत्त्यांमध्ये, तो सहज बसतो, मोठा जुन्या ब्रँचवर अडकतो. त्यासाठी एरर हँडलिंग नीट आहे याची खात्री झाली की मी ॲटॉमिकला रिव्ह्यूड बाय (तपासून पसंत केल्याची खूण) देतो, फिक्सेस टॅग (बग कोणत्या कमिटने आला ते सांगणारी ओळ) बघून, आणि लॉकबाहेर काढायचा पॅच त्याच्या मागोमाग वेगळा मागतो.