चॅप्लिनसाठी एकच दिवस: व्हेवे की लंडन?

युरोपला निघालेल्या भाचीचा हा प्रश्न.

स्वित्झर्लंडमध्ये व्हेवेजवळचं 'चॅप्लिन्स वर्ल्ड' हे संग्रहालय २०१६ साली उघडलं. १९५३ पासून १९७७ मध्ये निधन होईपर्यंत चार्ली इथल्याच वाड्यात राहिला. राहत्या खोल्या, मोठी बाग, मेणाचे पुतळे, सिनेमांचे उभारलेले सेट. मुलं रमतात, खर्च मात्र स्विस!

लंडनचं 'सिनेमा म्युझियम' स्वस्तात होतं, पण सहसा आधी नोंदणी करून मार्गदर्शकासोबतच पाहावं लागतं. संग्रह एकूण सिनेमाचा, एकट्या चार्लीचा नव्हे. पण इमारत लंडनच्याच लॅम्बेथ भागातल्या जुन्या गरीबगृहाची (वर्कहाउसची), जिथे दारिद्र्यामुळे आईसोबत लहानग्या चार्लीला यावं लागलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

मुलं सोबत असतील, चार्लीचं काम पाहायचं असेल तर व्हेवे. त्याच्या विनोदातली भूक कुठून आली हे समजून घ्यायचं असेल तर लंडन.